फास एक, पंगती निराळ्या

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाला जुनी माणसे काळा चबुतरा म्हणत. 1857 साली औरंगाबादच्या छावणीतील घोडदळाने बंड केले आणि बंडवाल्यांना येथे देहदंड दिला गेला, ही आठवण त्या नावात आहे. वधस्तंभ समाजाच्या ध्यानात राहतो. तुरुंगातला झाडू आणि तिथले स्वयंपाकघर मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाही. शिक्षेचा इतिहास आपल्या बाजूने मांडायचा तर सुरुवात तिथूनच केली पाहिजे.

मनूने शिक्षा जन्मावरून ठरवली. ज्या अपराधाला इतरांना देहान्त, त्याच अपराधाला ब्राह्मणाचे केवळ मुंडन. सगळी पापे केली तरी त्याला मारू नये, धनासह देशाबाहेर घालवावे, असे मनू सांगतो. इंग्रजांचा कायदा दयाळू होता असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. पण त्या फासाला जातीची सवलत ठाऊक नव्हती. 1775 साली कलकत्त्यात महाराजा नंदकुमार या ब्राह्मणाला फाशी झाली. 1862 पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि ब्रिटिश मुलखात, कायद्याच्या पुस्तकात तरी, फासापुढे सगळे सारखे झाले.

मग तुरुंगात काय घडले? लंडनमध्ये 1842 साली पेंटनव्हिल तुरुंग उघडला. कैद्याने एकट्याने कोठडीत राहावे, पश्चात्ताप करावा, सुधारावे, अशी त्यामागची कल्पना होती. इकडे बिहारमध्ये आरा आणि मुजफ्फरपूरच्या तुरुंगांत 1855 साली कैद्यांचे धातूचे लोटे काढून मातीची भांडी दिली, तेव्हा विटाळाच्या भयाने दंगा उसळला. सरकारने लोटे परत केले. कैद्याचे स्वातंत्र्य हिरावून घेता येते, सोवळ्याला हात लावता येत नाही, हे राज्यकर्त्यांना कळून चुकले. पुढे तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जात शिरली. स्वयंपाकी 'योग्य' जातीचा असावा, झाडूवाले मेहतरांसारख्या जातींतून निवडावेत! ज्या जातींना 'हलक्या' कामाची सवय आहे त्यांनाच ते काम द्यावे! मनू न्यायालयाच्या दारातून बाहेर गेला आणि तुरुंगाच्या दारातून आत आला.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर गुन्ह्याचीही गरज उरू दिली नाही. जन्म हाच गुन्हा ठरला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांमागे बायकापोरांसह माणसे कोंडली गेली. 1952 साली तो कायदा रद्द झाला. पण पोलिसांच्या मनातला कायदा कोण रद्द करणार?

ब्रिटनमध्ये 1964 साली शेवटची फाशी झाली आणि 1998 मध्ये ती शिक्षा कायद्यातून पूर्णपणे गेली. आपल्याकडे बाबासाहेबांनी 3 जून 1949 रोजी संविधान सभेत फाशी रद्द करण्याकडेच आपला कल असल्याचे सांगितले होते. ते झाले नाही. त्याची किंमत कुणी मोजली? 2003 सालच्या नाशिक जिल्ह्यातील एका गुन्ह्यात भटक्या जमातींतील सहा जणांना धरले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने 2019 साली सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती. मधल्या काळात फास आवळला गेला असता तर भरपाई कुणाला दिली असती?

सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. संविधान लागू होऊन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे उलटली होती. निकाल लागला म्हणून काम संपत नाही. महाडच्या तळ्याचा ठराव 1924 साली झाला होता, तरी पाणी 1927 साली स्वतः जाऊनच घ्यावे लागले. तुरुंगाच्या भिंतीआड तर कैद्याला चालत जाण्याचीही सोय नाही. म्हणून रकाना खरोखर गेला का, आज झाडू कुणाच्या हाती आहे, हे बाहेरच्या कार्यकर्त्यांनी, वकिलांनी, विद्यार्थ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यात विचारले पाहिजे.