दात आणि हसू आरोग्याबद्दल काय सांगतात?

"डॉक्टर, मी साखर तपासायला आलोय, 'आ' कशाला करू?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमी येतो. दातांत फट असलेला माणूस नशीबवान असतो का, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. पण हिरड्या, दातांचा रंग आणि हसताना चेहरा कसा हलतो, यावरून काही आजारांचा संशय लवकर येतो. संशय म्हणजे निदान नव्हे. पुढे कोणती तपासणी करायची, एवढे त्यातून कळते.

हिरड्यांतून रक्त, हलणारे दात

बहुतेक वेळा कारण साधे असते : दातांवर साचलेला थर आणि त्यामुळे सुजलेल्या हिरड्या. मात्र मधुमेहात हा त्रास लवकर होतो व वाढतो. उलट, हिरड्यांची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. चाळिशीतच दात हलू लागले असतील, तर दंतवैद्यांकडे जाच, शिवाय उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या.

रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन किंवा फिट्सच्या फेनिटॉइन या गोळ्यांमुळे काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

हिरड्यांतून आपोआप रक्त येत असेल, सोबत ताप असेल किंवा अंगावर लाल-निळे डाग असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात.

डाग आणि झीज

लहानपणी पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग पडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत हे दिसते. कितीही घासले तरी हे डाग जात नाहीत. घरातल्या मुलांच्या दातांवर असे डाग असतील, तर पाणी तपासून घ्या. पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळल्याने ते कमी होत नाही.

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली असेल, तर आम्ल वारंवार तोंडात येत असावे. जुनी अ‍ॅसिडिटी किंवा सततच्या उलट्या ही त्याची कारणे.

तोंड किती उघडते?

आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील आणि तिखट खाताना तोंडाची आग होत असेल, तर सुपारी, गुटखा, खर्रा यांमुळे गालाची आतली त्वचा आखडत चालली असण्याची शक्यता आहे. या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो. मिश्रीही तंबाखूच आहे. ती लावल्याने दात 'स्वच्छ' होत नाहीत. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ताबडतोब दाखवा.

हसू अचानक वाकडे झाले तर

इथे मिनिटे मोजायची असतात. हसायला सांगितल्यावर ओठांचा एक कोपरा खाली राहतो, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते : ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. तीनपैकी एक दिसले तरी १०८ वर फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. पाणी किंवा गोळी तोंडात घालू नका, मालिश करत बसू नका.

फक्त चेहऱ्याच्या नसेचा लकवा असला, तरीही हसू वाकडे होते. त्यात बहुधा त्या बाजूचे कपाळही हलत नाही आणि डोळा मिटत नाही. पण हा फरक घरी ठरवू नका, रुग्णालयात ठरू द्या.

दिवसातून दोनदा दात घासा, वर्षातून एकदा दंतवैद्यांना दाखवा. आणि डॉक्टरांनी 'आ' करायला सांगितले, तर तोंड नीट उघडा.