इंटरनेट आणि दारिद्र्य निर्मूलन : मंगरूळपीर तालुक्याच्या संदर्भात

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने निवडलेल्या 'आकांक्षित' म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांत वाशिमचा समावेश झाला. याच जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुका कोरडवाहू शेती व शेतमजुरीवर जगतो. इथे इंटरनेटने गरिबी हटते का?

नुसत्या मोबाईल टॉवरने हटत नाही. मात्र इंटरनेट नसेल तर हक्काचा पैसा अडतो, हे नक्की. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवरच भरावा लागतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येते. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. रेंज नसेल तर हजेरी अडते आणि हजेरी अडली की मजुरी अडते.

शहर आणि खेडे यांतली दरी मोठी आहे, त्यात स्त्री-पुरुष भेदाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील ७२.५ टक्के शहरी पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. ग्रामीण स्त्रियांत हे प्रमाण २४.६ टक्केच होते. घरात एकच फोन असेल तर तो कोणाच्या हातात असतो, हे वेगळे सांगायला नको.

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला 'भारतनेट' नाव मिळाले. पण पंचायतीच्या दारापर्यंत आलेली केबल वस्तीतल्या घरापर्यंत आपोआप पोहोचत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे ही मागणी उपकाराची नाही, हक्काची आहे.

कार्यकर्त्यांना लगेच करता येण्याजोगी कामे :

• शिष्यवृत्तीच्या हंगामात बुद्धविहारात आठवड्यातून एक दिवस अर्ज भरण्याची सोय करावी.
• जात व उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवायला सांगावे.
• अर्जात विद्यार्थिनीचा स्वतःचा मोबाईल क्रमांक द्यावा. पासवर्ड तिच्याकडेच राहावा.
• सेवा केंद्रात ठरलेलेच शुल्क द्यावे आणि पावती घ्यावी.
• दाखला मुदतीत न मिळाल्यास लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नुसार अपील करावे.

अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नाही. खात्यात पैसे जमा होईपर्यंत पाठपुरावा करावा.