डेल्टा विषाणूची उसनवारी

हेपटायटिस डी, अर्थात डेल्टा, हा मानवाला बाधणाऱ्या विषाणूंपैकी सर्वांत लहान जनुकसंचाचा विषाणू होय. इटलीतील मारिओ रिझेट्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हेपटायटिस बीच्या रुग्णांमध्ये त्याचे प्रथिन प्रथम ओळखले. त्याचा वर्तुळाकार आरएनए सुमारे १,७०० न्यूक्लिओटाइडांचा आहे. बाह्य आवरणातील प्रथिने त्याला हेपटायटिस बी विषाणूकडून घ्यावी लागतात. त्यामुळे डेल्टाचा प्रसार बी विषाणूच्या सोबतीनेच होतो. दोन्ही विषाणूंची बाधा एकत्र झाल्यास यकृताची हानी अधिक वेगाने होते.

डेल्टाजवळ स्वतःचे एकच प्रथिन आहे. एवढ्या अल्प सामग्रीवर त्याचे जीवनचक्र चालते, ते पेशीतील विकरांनी त्या प्रथिनावर केलेल्या रासायनिक बदलांमुळे.

या प्रथिनाची दोन रूपे असतात. १९५ अमिनो आम्लांचे लहान रूप आरएनएच्या प्रती काढण्यासाठी आवश्यक असते. त्याच्या १७७व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट गट जोडला गेला नाही, तर हे काम मंदावते. संसर्ग पुढे सरकतो तसे पेशीतील एक विकर विषाणूच्या आरएनएमधील एक अक्षर बदलते. तेथील पूर्णविरामाचा संकेत पुसला जातो आणि प्रथिन १९ अमिनो आम्लांनी लांबते. हे मोठे रूप प्रती काढण्यास आळा घालते व नव्या विषाणुकणांच्या बांधणीला चालना देते.

मात्र केवळ लांबी वाढून भागत नाही. मोठ्या रूपाच्या २११व्या स्थानावरील सिस्टीनला फार्नेसिल ही १५ कार्बन अणूंची तैल साखळी जोडली जावी लागते. शरीरात कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेवरच ही साखळी तयार होते. ती नसेल, तर मोठे प्रथिन बी विषाणूच्या आवरणाशी जोडले जात नाही आणि विषाणुकण पेशीबाहेर पडत नाहीत. १९९२ मध्ये ही जोडणी उघडकीस आली.

मूळचे कर्करोगासाठी विकसित झालेले लोनाफार्निब हे औषध फार्नेसिल जोडणारे विकर रोखते. हे विकर पेशीचे असल्याने विषाणूला औषधाला चकवणे अवघड जाते. परंतु पेशीच्या स्वतःच्या अनेक प्रथिनांनाही तेच विकर लागते. त्यामुळे मळमळ, उलट्या, अतिसार असे त्रास संभवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत २८ दिवसांच्या उपचाराने रुग्णांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण घटले. २०२२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत इंटरफेरॉनसह दिलेल्या उपचाराने अपेक्षित परिणाम साधला, तो पाचांपैकी सुमारे एकाच रुग्णात.

म्हणूनच प्रतिबंधाचे मोल मोठे आहे. हेपटायटिस बीची लस डेल्टापासूनही संरक्षण देते, कारण आवरण उसने मिळाले नाही, तर डेल्टाचा प्रसारच थांबतो. बीची बाधा आधीच झालेल्यांना मात्र या लसीचा उपयोग होत नाही. नव्या औषधांची खरी निकड त्यांनाच आहे.