नेग्री कण आणि इस्तंबूलची गाळणी

एखाद्याला कुत्रा चावला आणि नंतर तो कुत्रा मेला. तो पिसाळलेला होता का? १९०३ पूर्वी याची खात्री करायची तर त्याच्या मेंदूचा अंश सशाला टोचून दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागे. ज्याला चावा झाला त्याच्यासाठी प्रत्येक दिवस मोलाचा होता.

त्या वर्षी इटलीतील पाव्हिया येथे, कामिल्लो गोल्जी यांच्या प्रयोगशाळेत, अवघ्या २६ वर्षांच्या अदेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत गोल, लांबट कण दिसले. पेशीच्या केंद्रकाबाहेर असलेले हे कण साध्या सूक्ष्मदर्शकातूनही ओळखता येत. त्यामुळे आठवड्यांचे काम काही तासांवर आले. नेग्रींना मात्र वाटले की हे कण म्हणजेच रोगाचा जंतू, मलेरियासारखा एकपेशीय परजीवी. पुढेही ते या मतावर ठाम राहिले.

त्याच १९०३ साली हे मत खोडणारा पुरावा मिळाला, तो उस्मानी साम्राज्याच्या राजधानीत. सुलतान दुसरे अब्दुल हमीद यांनी १८८६ मध्ये लुई पाश्चर यांच्याकडे डॉक्टर शिकायला पाठवले होते. ते परतल्यावर, १८८७ मध्ये, इस्तंबूलमध्ये रेबीजच्या उपचाराचे केंद्र सुरू झाले. याच शहरात फ्रेंच डॉक्टर पॉल रेमलँजे आणि त्यांचे सहकारी रिफत बे यांनी रोगट मेंदूचा द्रव जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला. गाळलेल्या द्रवानेही सशांना रोग झाला. याचा अर्थ खरा जंतू नेग्रींच्या कणांपेक्षा कितीतरी लहान होता. आज आपण त्याला विषाणू म्हणतो.

मग ते कण काय होते? अलीकडच्या संशोधनातून कळते की विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःच्या नकला बनवतो, त्याचे ते कारखाने आहेत. म्हणजे नेग्रींनी पाहिले ते खरे होते, लावलेला अर्थ चुकला. तरीही त्यांचा शोध अर्धशतकभर निदानाला उपयोगी पडला. १९५८ मध्ये चमकणाऱ्या प्रतिपिंडांची अधिक खात्रीची चाचणी आली आणि हे कण मागे पडले.

त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कण दिसले तर रेबीज नक्की, पण रेबीजने मेलेल्या अनेक प्राण्यांत ते सापडतच नाहीत. ‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ असे होत नाही. म्हणूनच चावा झाल्यावर कुणाच्या अहवालाची वाट न पाहता जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा.