माळरानावरचा कारखाना

नाहूरच्या आमच्या तरुणांस धंद्याचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात; पण धंद्याला पाठबळ कसे लागते, हे इतिहासालाच विचारावे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावी बंधूंबरोबर चालविलेल्या सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! उपदेशकांनी ही दोन वर्षे ध्यानात धरावीत. त्यातच बेळगावची जागा नगरपालिकेमुळे सोडावी लागली.

अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ जमीन दिली, वर बिनव्याजी १० हजार रुपये कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. माळ निवडुंगाचा, सापांचा. पण कुंडल रोडचे रेल्वे स्थानक जवळ होते, आणि स्थानकाचे मोल नाहूरकरांस निराळे सांगावयास नको. त्या मार्गाने नांगर देशभर गेले.