११ मार्च १८६४ : शेफील्डचे मातीचे धरण फुटले

इंग्लंडमधील शेफील्ड शहराला पाणी पुरवण्यासाठी लॉक्सली खोऱ्यात बांधलेले डेल डाइक धरण या दिवशी रात्री साडेअकराच्या सुमारास फुटले. मातीचा भराव आणि त्याच्या पोटात पाणी अडवणारा चिकणमातीचा गाभा, अशी त्याची रचना. जलाशय पहिल्यांदाच भरत आला होता. त्या वादळी संध्याकाळी भरावावरून चाललेल्या एका कामगाराला भेग दिसली. अभियंता जॉन गन्सन यांना शहरातून बोलावून आणले. पातळी उतरावी म्हणून सांडव्याची भिंत सुरुंगाने उडवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. झोपलेल्या खोऱ्यावर सुमारे ३ अब्ज लिटर पाणी कोसळले. किमान २४० माणसे दगावली. घरे, पूल, गिरण्या वाहून गेल्या. भेग दिसल्यावर काही तास हाती होते, पण खालच्या वस्त्यांना सावध करण्याची ठरलेली व्यवस्थाच नव्हती, हे फार जिव्हारी लागते. आपले पानशेत धरणही मातीचेच. १२ जुलै १९६१ रोजी तेही पहिल्यांदा भरतानाच फुटले. डेल डाइकचे नवे, आकाराने लहान धरण १८७५ मध्ये थोडे वरच्या अंगाला उभे राहिले. त्याचे पाणी शेफील्डकर आजही पितात.