गुडघ्यावरचा फुगा

बेगडेवाडी स्थानकात लोणावळा लोकलची वाट पाहत बसलेला एखादा प्रवासी गाडी आली की उठून उभा राहतो. गुडघा सरळ होतो, पण सुती पँटीला गुडघ्यावर आलेला फुगा तसाच राहतो. आपल्या आजोबांच्या धोतराला मात्र असा फुगा येत नसे. असे का?

विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांच्या वरखाली जातात, त्यामुळे प्रत्येक धागा नागमोडी असतो. कापड ताण्याच्या दिशेने ओढले तर ताण्याची वळणे थोडी सरळ होतात आणि ते जरासेच लांबते. तेच कोनाकोनाने ओढले तर चौकोनी घरे तिरपी होतात आणि कापड बरेच ताणले जाते. वाकलेला गुडघा सपाट कापडाला घुमटासारखे व्हायला लावतो. तेथे दोन्ही प्रकारचे ताण पडतात, धागे सरकतात आणि घर्षणामुळे नव्या जागी अडकून बसतात. त्यातच घाम सुती तंतूंच्या रेणूंमधील हायड्रोजन बंध सैल करतो. घाम वाळला की ते बंध वाकलेल्या स्थितीतच पुन्हा जुळतात. धुतल्यावर फुगा थोडा ओसरतो, तोही पाण्याने हे बंध सैल झाल्यामुळेच.

धोतर शिवलेले नसते. रोज नेसताना त्याचा वेगळा भाग गुडघ्यावर येतो आणि ताण निऱ्यांमध्ये विरून जातो. शिवलेल्या पँटीत तीच जागा रोज त्याच गुडघ्यावर येते.

तिरप्या कापडाचा हा गुण शिंप्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. चुडीदार ते 'उरेब' बेततात, म्हणून तो पोटरीला घट्ट बसूनही पाय वाकवता येतो. पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने यांनी १९२० च्या दशकात याच गुणावर आपली शिवणकला उभी केली. विज्ञान त्या मानाने उशिरा आले. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तांत्रिक संशोधनाची प्रयोगशाळा १९२४ साली निघाली. धाग्यांच्या नागमोडीची भूमिती एफ. टी. पिअर्स यांनी इंग्लंडमध्ये १९३७ साली मांडली. पुढे १९४१ साली तेथेच व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. हवेतील ओलावा कापूस सुमारे आठ टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे टेरिकॉटची पँट आकार टिकवते, पण घाम कमी शोषते.

वर्गात एक सुती हातरुमाल घ्या. तो आधी काठाच्या दिशेने ओढा, मग कोनाकोनाने, आणि दोन्ही वेळा लांबी मोजायला सांगा. गुडघे फुगलेल्या गणवेशातल्या मुलाला गबाळा म्हणण्याआधी हा प्रयोग करून पाहावा. एकच गणवेश रोज घालावा लागला, तर कापडाला सावरायला सवड मिळत नाही. त्यात मुलाचा दोष नाही.